दहापैकी सात

परंड्याच्या स्टँडातून बाहेर पडताना कुर्डुवाडीची गाडी जो हॉर्न देते, त्याला लोमटे बाई दहापैकी चार गुण द्यायच्या. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवायच्या, गाडी जाऊ द्यायच्या आणि मग म्हणायच्या, "चार. मागल्या महिन्यात पाच होते." कुणी विचारलेलं नसायचं. बाईंचं परीक्षण फुकट मिळायचं आणि न मागता मिळायचं. शाळेच्या घंटेला सहा होते, नवा शिपाई आल्यावर तीन झाले. हेडमास्तरांच्या झेंडावंदनाच्या भाषणाला दोन, तेही आवाज खणखणीत होता म्हणून. माझ्या लग्नातल्या बँडला त्यांनी साडेपाच दिले होते, आणि ते मला अक्षता टाकता टाकता कानात सांगितले होते. दहा कुणालाच नाहीत. आठच्या वर गेलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

चंद्रकला लोमटे मुलींच्या शाळेत संगीत शिकवायच्या आणि मी चित्रकला. ह्या दोन विषयांना मिळून एकच खोली होती, जिन्याखालची. एका भिंतीला माझे रंगांचे डबे, दुसऱ्या भिंतीला शाळेच्या दोन पेट्या आणि चामडं फाटलेला तबला. दहावीचा अभ्यासक्रम मागे पडला की गणिताचे सर आधी आमचेच तास उचलायचे. मी चरफडत स्टाफरूममध्ये जाऊन बसायचो. बाईंचं तसं नव्हतं. त्यांचा तास गणितानं घेतला की त्या पेटी घेऊन त्याच वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि हळूच एक सूर धरून ठेवायच्या. सर म्हणाले, "बाई, मी शिकवतोय की." बाई म्हणाल्या, "शिकवा ना. माझा तास आहे, मी सूर धरलाय. तुम्ही आपलं सुरात शिकवा." असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा सरांनी माझा तास घेतला.

बुटक्या, अंगानं भरलेल्या, जाड भिंगाचा चष्मा. पदर कमरेला खोचलेला. उजव्या हाताची बोटं कधी स्वस्थ नसायची. टेबलाची कड, एसटीचा दांडा, समोर येईल त्यावर ती चालायची. माकणीला त्यांच्या माहेरी पेटी नव्हती. देवळातली पेटी पुरुष मंडळी वाजवायची आणि पोरींनी ती फक्त पुसायची. ती पुसता पुसता बाईंनी तिच्या पट्ट्या डोक्यात बसवल्या आणि घरी येऊन परातीच्या काठावर बोटं फिरवून सराव केला. आई भाकरी थापायला परात मागायची तेव्हा सराव संपायचा. शेवटी देवळातल्या एका म्हाताऱ्या बुवांनी त्यांना दुपारची पेटी उघडून दिली. हे त्या स्वतःहून सांगायच्या नाहीत. एकदा मी चित्राचा कागद भिजवून ताणायला त्यांच्याकडून परात मागून आणली, तेव्हा हे निघालं.

आसपासच्या भजन स्पर्धांना त्यांना परीक्षक म्हणून बोलवायचे. एकदा बोलवायचे आणि पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी बघायचे. एका गावात पुढाऱ्याच्या घरचं मंडळ उतरलं होतं. निकालाआधी संयोजक जवळ येऊन म्हणाले, "बाई, जरा बघा की. सायबांचं मंडळ हाय."

"बघितलं की," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तिसरा आला. डोळे झाकून ऐकलं असतं तर चौथा होता."

येताना जीपनं आणलं होतं. जाताना जीप कुठं दिसेना. बाई दुधाच्या टेंपोत कॅनच्या मधोमध बसून परंड्याला आल्या आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "टेंपोला साडेसहा दिले, माने. एका सुरात चालतो बिचारा. मंडळापेक्षा बरा."

त्यांचे यजमान भगवानराव. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला मोटर वायंडिंगचं दुकान. माणूस उंच, देखणा, केस अजून दाट. पेटी ते सुंदर वाजवायचे. स्वभाव असा गोड, की जळालेली मोटर घेऊन आलेला शेतकरीही हसत परत जायचा. त्यांची एक सवय मात्र मला फार उशिरा लक्षात आली. काही बिघडलं की अण्णा दाद द्यायचे. एकदा मी दुकानात बसलो असताना त्यांनी नुकतीच तार भरून दिलेली मोटर गिऱ्हाइकासमोर चालू केली आणि तिच्यातून धूर निघाला. अण्णांनी पटकन बटण बंद केलं, मोटरवर थाप मारली आणि म्हणाले, "व्वा पाटील. काय मोटर हाय तुमची. असला लोड दुसरी कुठली घेत न्हाय." पाटील खूश होऊन चहा पाजून गेले. घरी दूध उतू गेलं तरी तेच. "व्वा, काय दूध हाय." बाई तोवर फडकं घेऊन ओटा पुसत असायच्या.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जी परंड्यात सगळ्यांना पाठ होती.

बाई आणि अण्णा लग्नाआधी भेटले ते ढोकीला. तिथं एका वर्षी गणपतीत पेटीवादनाची स्पर्धा झाली. परंड्याकडून अण्णा गेले होते, माकणीकडून बुवांनी बाईंना नेलं होतं. पेटीला बसलेली ती एकटी मुलगी. पहिला नंबर बाईंना मिळाला, अण्णांना दुसरा. पुढं काही महिन्यांनी अण्णांच्या घरून माकणीला मागणी गेली आणि लग्न झालं. एवढंच झालं होतं. पण परंड्याला हरून आलेला पोरगा गावाला दाखवायचा कसा, हा अण्णांच्या वडिलांपुढं प्रश्न होता. ते पारावर बसून म्हणाले, "आमच्या भगवाननं पोरगी बघितली आन मुद्दाम सोडलं." लग्नात तर ही गोष्ट वऱ्हाडानंच वाटली. तिथून पुढं ती गावाची झाली. प्रेमासाठी पेटी हरलेला माणूस. नव्या जोडप्यांना ती सांगितली जायची, हळदीकुंकवाला सांगितली जायची. बाई म्हणायच्या, "अहो, आधी ह्यांनी वाजवलं, मग मी. माझं ऐकलंच नव्हतं तर माझ्यासाठी सोडतील कसे?" त्यावर गाव म्हणायचं, नळावर पाणी पिताना बघितलं असेल की.

बाईंच्या निरोप समारंभात प्रमुख पाहुण्यांनी ही गोष्ट अशी रंगवून सांगितली, की मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या नव्या मुख्याध्यापिकांनी, डोळ्याला रुमाल लावला. लोमटे बाई उठल्या, माईक घेतला आणि म्हणाल्या, "सत्काराबद्दल आभारी आहे. एक दुरुस्ती आहे. भगवानराव माझ्यासाठी हरले नव्हते. ते हरले होते. बाकी भाषण पाच." हॉल हसला, टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, अजून लाजतेत."

त्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत आपलं सामान भरताना बाई पहिल्यांदा माझ्यापुढं रडल्या. रागानं रडल्या. "माने, मला आयुष्यात एकच पहिला नंबर मिळाला. परात वाजवून शिकलेल्या पोरीला. तो ह्या गावानं ह्यांच्या खिशात घातला. आणि ह्यांनी कधी खोटं सांगितलं नाही हो. एकदाही नाही. हे फक्त हसतात."

अण्णा बाहेर रिक्षात सामान ठेवत होते. मी त्यांच्या वह्यांचं गाठोडं उचलून दिलं.

ह्याला काही वर्षं झाली. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. शनिवारी मुलींनी दप्तर आणायचं नाही, गाणी, चित्रं, खेळ करायचे, अशी नवी पद्धत आली होती. नववीतली आफरीन, स्टँडासमोरच्या बेकरीवाल्या शेखांची मुलगी, मोठ्या बाईंकडं गेली आणि म्हणाली की शनिवारी आम्हाला ॲनिमे बघायचंय. मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मी म्हटलं, कार्टून असेल. आफरीननं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू मी लग्नात चप्पल चोरली असावी. "कार्टून न्हाय सर. ॲनिमे. जपानचं असतंय. ह्याच्यात म्युझिक हाय." मग जरा खालच्या आवाजात, "आन लव स्टोरी हाय."

शेवटचं वाक्य मोठ्या बाईंनी नेमकं ऐकलं. त्या सावध बाई. त्यांनी तोड काढली, की आधी परीक्षक नेमू. चित्रांसाठी माने सर, संगीतासाठी लोमटे बाई. त्यांनी बघून गुण द्यावेत, मग ठरवू. शाळेत गुण देण्यासाठी छापील तक्ता एकच होता, भजन स्पर्धेचा. स्वर, ताल, पाठांतर, वेशभूषा, शिस्त. त्याच तक्त्यावर जपानची मालिका तपासायची ठरली.

शाळा सुटल्यावर आम्ही जिन्याखाली बसायचो. बाई, मी, आफरीन आणि माझा लॅपटॉप. मालिका हिंदीत होती. समुद्राकाठचं एक गाव, तिथली एक शाळा. मुलगी पियानो वाजवते, मुलगा व्हायोलिन. दोघांची खुन्नस, मग मैत्री, मग ते तसलं बघणं. जिंकेल त्याला परदेशी शिकायला पाठवणार अशी एक मोठी स्पर्धा. मी खरं सांगतो, मला आवडली. आभाळ काय रंगवलं होतं. वाजवणाऱ्याच्या मनगटावरची शीरसुद्धा काढली होती. मी चित्रांना नऊ देऊन मोकळा झालो. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "नऊ? तुमचं काही खरं नाही."

बाई स्वतः मात्र वकिलासारख्या बसायच्या. "थांबव. मागं ने. हां, इथं सूर एक वाजतोय आणि बोट दुसरीकडंच आहे." आफरीन लॅपटॉप मागं न्यायची. वेशभूषेला बाईंनी आठ दिले, सगळ्या पोरींचे मोजे वर ओढलेले आहेत म्हणून. शिस्तीला चारच, कारण पोरं गुरुजींना उलट बोलत होती. एका भागात त्या मुलीच्या घरचा पियानो विकला जातो, आणि ती खिडकीच्या चौकटीवर बोटं ठेवून सराव करत राहते. आवाज नाही, नुसती बोटं. बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "आठ. लिहा, माने." आफरीन इतकी खूश झाली, की दुसऱ्या दिवशी तिनं बेकरीतली नानकटाई आणली. तिला आता खात्री होती.

शेवटच्या भागात ती स्पर्धा. मुलगा असा वाजवतो की सभागृह थक्क. जिंकणार हे नक्की. तेवढ्यात त्याला पडद्याआडून ती मुलगी दिसते, आणि अगदी शेवटच्या ओळीला तो एक सूर चुकवतो. मोठा, स्वच्छ, सगळ्यांना कळेल असा. डोळे मिटून हसतो. मुलगी जिंकते, परदेशी जाते. तिथं तिला कुणीतरी सांगतं, की तो तुझ्यासाठी हरला. मग ती बर्फात उभी राहून रडते, आणि आफरीनही रडते.

बाई म्हणाल्या, "ती चूक परत लाव."

आफरीननं लावली. बाईंनी ती चार-पाच वेळा बघितली. मोठ्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "मग, दाखवायची ना?"

"दाखवा," लोमटे बाई उठत म्हणाल्या. "झाकून काय ठेवायचं? सगळ्यांना शेवटचा भाग दाखवा. निकाल मी तिथंच सांगते."

शनिवारी हॉल भरला होता. स्पीकरची वायर जळाली होती म्हणून अण्णांना बोलावलं होतं. त्यांनी ती जोडून दिली आणि पहिल्या रांगेत बसले. भाग संपला तेव्हा निम्म्या पोरी नाक ओढत होत्या. अण्णांनीही डोळे पुसले. लोमटे बाई तक्ता घेऊन समोर आल्या.

"स्वर सात," त्या म्हणाल्या. "पाठांतर सात. त्या खिडकीवरच्या सरावाला वेगळे आठ दिलेत. शेवटाला शून्य."

मागून दोन-तीन पोरी ओरडल्या, "शून्य?"

"कारण दोन आहेत. पहिलं वाजवण्याचं. ह्या पोरानं चूक केली ती कशी केली, बघितली का? हसत. मोकळी सोडून दिली. खरी चूक अशी नसते, पोरींनो. वाजवणाऱ्याची खरी चूक झाली की तो ती झाकायला धावतो. भाता जोरात ओढतो, पुढची तान घाईनं घेतो, काही ना काही करतो. झाकत नाही ती चूक खोटी. आणि दुसरं कारण. ह्या पोरानं त्या पोरीचा नंबर चोरला. ती कशी वाजवत होती? चांगली वाजवत होती. कदाचित जिंकलीच असती. आता तिला जन्मभर कळणार नाही. आणि वर तिलाच रडायला लावलं, तेही उपकार झाल्यासारखं. ह्याला मी प्रेम म्हणत नाही. प्रेम असेल तर जीव लावून वाजव की. हरव तिला. नाही हरवता आलं तर हर. शून्य."

आफरीन उठून उभी राहिली. तिचे डोळे अजून ओले होते आणि आवाज चिडलेला. ह्या मुलीनं महिनाभर बाईंसोबत मालिका बघितली होती, तिला हे लागलं होतं. "पण बाई, तुमचं बी असंच झालंय की. अण्णांनी तुमच्यासाठी ढोकीला सोडलंच ना? मग ते बी खोटं म्हणायचं का?"

हॉलमध्ये कुजबूज झाली आणि मग, कुणी सुरू केलं कोण जाणे, पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. मोठ्या बाईही वाजवायला लागल्या. अण्णांनी उठून हात जोडले आणि नेहमीसारखे हसले.

लोमटे बाईंनी तक्ता टेबलावर ठेवला. "माने, पेट्या आणा."

"बाई—"

"दोन्ही आणा."

मी आणल्या. सतरंजी घातली. अण्णा म्हणाले, "आता कशाला? बोटं कुठं राहिली आता?"

"माझीपण नाही राहिली. बरोबरीचं आहे. ढोकीला वाजवली तीच भूप रागातली गत. आधी तुम्ही, मग मी, तसंच. परीक्षक ही." त्यांनी आफरीनकडं बोट केलं. "आणि मनापासून वाजवायचं. सोडलंत तर मला कळेल, आणि मग घरी येऊ नका."

पोरी हसल्या. मला हसू येईना. मला दिसत होतं बाईंनी काय पणाला लावलं होतं. अण्णांनी मुद्दाम घालवलं तर गोष्ट पक्की होणार होती. आणि अण्णा जिंकले, तर ती जास्तच पक्की होणार होती, कारण मग गाव म्हणणार होतं, बघा, तेव्हाही जिंकलेच असते. सत्तरीच्या जवळ आलेली बाई आपला एकुलता एक पहिला नंबर सतरंजीवर ठेवून बसली होती.

तबल्याचं चामडं फाटकंच होतं. म्हणून माझ्या मोबाईलमध्ये तबला लावला आणि मी तो हातात धरून दोघांच्या मध्ये बसलो.

अण्णांनी सुरुवात केली ती सावकाश, जरा अंग चोरून. दोन आवर्तनं तशी गेली. मग काय झालं कोण जाणे. बोटांना जुनी वाट सापडली असावी. त्यांची पाठ सरळ झाली. लय वाढवायला लागले. दुकानात सोल्डरिंग करणारी ती बोटं पट्ट्यांवरून अशी पळायला लागली की मागच्या पोरी बाकांवर उभ्या राहिल्या. हे काही कुणासाठी सोडणाऱ्याचं वाजवणं नव्हतं. त्यांना आता जिंकायचं होतं. मी बाईंकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तरी त्या मांडीवर ताल धरून होत्या.

अण्णांनी शेवटची तान घेतली. लांब, पल्लेदार, थेट समेवर येऊन बसणारी. तालाचं आवर्तन जिथून नव्यानं सुरू होतं, त्या ठोक्यावर तिला पोचायचं होतं. ती पोचली, पण एका मात्रेनं उशिरा. क्षणात अण्णांनी भाता जोरात ओढला, सूर मोठा केला, मान डोलवली आणि माझ्या हाताकडं वळून भरल्या आवाजात म्हणाले, "व्वा. जियो."

मोबाईल आपला वाजत राहिला.

मग आफरीनचा आवाज आला, खराखुरा गोंधळलेला. "अण्णा, मोबाईलला कशाला दाद दिली?"

आधी एक पोरगी फिसकन हसली, मग रांगच्या रांग. मोठ्या बाईही हसल्या. अण्णांचा हात भात्यावर तसाच राहिला होता. ते बाईंकडं बघत होते. बाई हसत नव्हत्या. मी तबला बंद केला.

"चुकलं म्हणून," अण्णा म्हणाले.

हसणं थांबलं.

"तवाबी चुकलंच व्हतं," ते म्हणाले. "तवा तबल्यावर मानूस व्हता, त्याला दाद दिली. लोकांला वाटलं, काय दिलदार पोरगं हाय. म्या सोडलं न्हवतं, पोरींनो. जीव तोडून वाजवलं व्हतं. आन मग हिचं ऐकलं." त्यांनी भात्यावरचा हात काढला. "आमच्या बानं गावात जे सांगितलं ते म्या मोडलं न्हाय. बरं वाटायचं ते. हिला किती लागत आसंल ते दिसत व्हतं. तरीबी मोडलं न्हाय."

बाईंनी पेटी पुढं ओढली. "तबला लावा, माने. माझं राहिलंय."

त्यांनी वाजवलं. अण्णांसारखं भरधाव नाही. एकेक सूर जागच्या जागी, घाई नाही, आणि शेवटची तान समेवर अशी अलगद आली की मोबाईलचा ठोका आणि तो सूर वेगळे ऐकू येईनात. वाजवताना त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

पेटी बंद करून त्या अण्णांकडं वळल्या. "दहापैकी सात," त्या म्हणाल्या. "तेव्हाही सातच होते."

"आन तुला?" अण्णांनी विचारलं.

"ते परीक्षक सांगेल."

आफरीन उभीच होती. तिनं आधी बाईंकडं बघितलं, मग अण्णांकडं, मग टेबलावरच्या तक्त्याकडं. "साडेसात, बाई."

मला वाटलं पोरगी मार खाणार. बाईंनी मान हलवली. "बरोबर. अर्ध्यानंच जिंकले होते मी. पण जिंकले होते."

आफरीननं मग मालिकेच्या तक्त्यावर शेवटासमोर बाईंनी लिहिलेलं शून्य बघितलं आणि म्हणाली की तिला ते अजून मान्य नाही, ती एक गुण तरी देणार. बर्फ चांगलं काढलं होतं. बाई म्हणाल्या, "दे. तुझा निकाल तू दे. माझा मी दिलाय."

वर्ष संपल्यावर मी निवृत्त झालो आणि बार्शीला मुलाकडं राहायला आलो. परंड्याला जाणं मग तुटलंच. त्यामुळं लोमटे बाई मला आठवतात त्या त्याच शनिवारच्या, शाळेच्या फाटकातल्या. रिक्षात दोघं शेजारी बसले होते, परीक्षकाला शाळेनं दिलेला नारळ अण्णांच्या मांडीवर. बाईंच्या उजव्या हाताची बोटं अण्णांच्या खांद्यावर चालत होती. ती तान त्या पुन्हा वाजवून दाखवत होत्या, नेमकी कुठं मागं पडली ते. अण्णा मान खाली घालून ऐकत होते आणि ह्या वेळी हसत नव्हते. एकदा त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर ती तान धरून बघितली. बाईंनी त्यांचा हात धरून थांबवला आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवली.

वळणावर कुर्डुवाडीची गाडी आडवी आली आणि ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला. मी सवयीनं कान देऊन उभा राहिलो. बाईंनी मान वर केली नाही. त्या दिवशी त्या हॉर्नला गुण मिळाले नाहीत.